दान आणि काम यांमधील पायरी

सदर : देशोदेशीचे समाजजीवन



गरजू कुटुंबास धान्य पोहोचविणे, विद्यार्थ्याची फी भरणे, आजाऱ्याच्या औषधपाण्यास हातभार लावणे ही कामे आपल्या समाजात पिढ्यानुपिढ्या चालत आली आहेत, आणि ती तशीच चालू राहावीत याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरी आज धान्य दिले त्या घराला पुढील वर्षी ते मागावे लागू नये म्हणून आपण काय केले, असा प्रश्न सभेत कोणी विचारला, तर बहुधा शांतता पसरते. दान देण्याची रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. माणसाला कामास लावून देण्याची रीत तितकीशी पडलेली नाही. ती अधिक कठीण आहे, तिला पैशापेक्षा वेळ अधिक लागतो, आणि तिचे श्रेय संगमरवरी फलकावर कोरता येत नाही. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील अर्विंग या शहराच्या अनुभवावरून याच कठीण रीतीचा विचार आजच्या लेखात करावयाचा आहे.

अर्विंग हे डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये वसलेले नगर. १९०३ मध्ये त्याची आखणी झाली व १९१४ मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला. दीर्घकाळ ते एक साधे गाव होते. १९७३ पासून त्याच्या उत्तरेकडील कुरणांवर ‘लास कोलिनास’ ही कचेऱ्यांची व निवासांची भव्य वसाहत उभी राहू लागली, आणि १९७४ मध्ये शेजारीच डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळ सुरू झाला. मग मोठमोठ्या कंपन्या आल्या, हॉटेले आली, गुदामे आली. २०२० च्या शिरगणतीत येथील लोकसंख्या २,५६,६८४ भरली. तीत भारतीयांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके आहे. येथील टॉमस जेफर्सन उद्यानात २ ऑक्टोबर २०१४ रोजी महात्मा गांधींचा पुतळाही उभारण्यात आला. संगणकाच्या व्यवसायानिमित्त आलेली मराठी कुटुंबे या परिसरात आता चांगलीच रुळली आहेत.

अशा भरभराटीच्या ठिकाणी कोणी कामावाचून बसला असेल हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. विमानतळाला रात्रंदिवस माणसे लागतात, हॉटेलांना लागतात, इस्पितळांना लागतात. तरीही कामाच्या दारापर्यंत येऊन बाहेरच उभी राहणारी माणसे येथे आहेत. त्यांचे तीन प्रकार आपण पाहू, कारण तिघांची अडचण वेगवेगळी आहे आणि या वेगळेपणातच आपल्याला घ्यावयाचा धडा आहे.

पहिला प्रकार म्हणजे सरकारी साहाय्यावर जगणारे गरीब अमेरिकन कुटुंब. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निराधार मुलांच्या मातांना रोख मदत देण्याची व्यवस्था अमेरिकेत सुरू झाली. साठ वर्षे ती चालली. या मदतीमुळे लोक आळशी होतात, अशी टीका वाढत गेली आणि २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी एका नव्या कायद्यावर सही केली. त्यान्वये संघराज्याच्या पैशातून मिळणारी रोख मदत आयुष्यात सामान्यतः ६० महिन्यांपुरतीच मर्यादित झाली व तिच्यासाठी काम करण्याची किंवा काम शोधण्याची अट आली. टेक्सासने याहूनही कडक नियम केले : प्रौढ व्यक्तीचे शिक्षण व कामाचा अनुभव पाहून १२, २४ किंवा ३६ महिन्यांची मुदत ठरविली. मदतीची रक्कमही बेताचीच. एक आई व दोन मुले अशा कुटुंबाला टेक्सासमध्ये महिन्याला मिळणारी कमाल रोख मदत आजही चारशे डॉलरांच्या आतच आहे. त्या देशातील घरभाडी ठाऊक असणाऱ्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावयास नको.

अन्नासाठी मिळणाऱ्या साहाय्यालाही अशीच अट आहे. ज्यांच्यावर लहान मुलांचा भार नाही अशा धडधाकट प्रौढांनी महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण केले नाही, तर तीन वर्षांत तीन महिन्यांपुरतेच हे साहाय्य मिळते. २०२५ च्या कायद्याने ही अट ६४ वर्षे वयापर्यंत वाढविण्यात आली.

या साऱ्याचा परिणाम कागदावर मोठा दिसला. १९९४ मध्ये रोख मदत घेणाऱ्यांची संख्या संपूर्ण देशात १ कोटी ४० लाखांवर होती; पुढे ती इतकी घटली की आज तिचा लहानसा अंशच उरला आहे. परंतु यादीतून नाव गळणे आणि कामावर नाव लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनेक माता खरोखरच कामाला लागल्या. काही मात्र मदतही नाही आणि कामही नाही अशा अवस्थेत राहिल्या. ‘काम करा’ असे सांगणे सरकारला सोपे होते. पण दोन लहान मुले कोणापाशी ठेवावयाची, पहाटे चारच्या पाळीला विमानतळावर कसे पोहोचावयाचे, दहा वर्षे नोकरी केली नसेल तर अर्जात काय लिहावयाचे, मुलाखतीला जाताना पायांत धड जोडा नसेल तर काय करावयाचे, या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या कलमांत नव्हती.

ती देण्याचा प्रयत्न स्थानिक संस्थांनी केला. अर्विंगमध्ये ‘अर्विंग केअर्स’ नावाची एक धर्मादाय संस्था १९५७ पासून आहे. तिचे काम त्याच शहराच्या रहिवाशांपुरते मर्यादित आहे आणि ते बव्हंशी स्वयंसेवकांच्या बळावर चालते. तेथे गरजूंना शिधा मिळतो, अडचणीच्या महिन्यात घरभाडे किंवा विजेचे बिल भरण्यास साहाय्य मिळते, आणि नोकरी शोधण्यासही मदत मिळते. अर्ज कसा लिहावा, जागा कोठे रिकामी आहे, मुलाखतीला कसे सामोरे जावे, हे तेथे सांगितले जाते. वरवर पाहता यात नवल ते काय, असे वाटेल. परंतु शिधा देणारा हात आणि नोकरी शोधणारा हात एकाच संस्थेचा असणे यात मोठे शहाणपण आहे. पोटाच्या चिंतेत असलेला माणूस नोकरीच्या कचेरीत सहसा आपणहून जात नाही, पण शिध्यासाठी त्याला यावेच लागते. तो आला म्हणजे त्याची विचारपूस करता येते. आणि या महिन्याचे भाडे भरले गेले आहे हे ठाऊक असले, म्हणजे माणूस मिळेल ती पहिली नोकरी घाईने पत्करण्याऐवजी चार ठिकाणी चौकशी करू शकतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील निरनिराळ्या गावी चाललेल्या अशा योजनांची दीर्घकाळ तुलना करण्यात आली. तीत ऑरेगन राज्यातील पोर्टलंड या शहराचा प्रयोग विशेष यशस्वी ठरला. तेथे लोकांना लवकर कामाला लावण्यावर भर होताच, परंतु मिळेल ती नोकरी धरा असा आग्रह न करता टिकेल आणि बरा पगार देईल अशी नोकरी शोधण्यास त्यांना उत्तेजन दिले जात होते, आणि जरूर तेथे अल्पकाळाचे शिक्षणही. घाईने मिळालेली नोकरी घाईनेच सुटते, हा अनुभव आपल्याकडेही काही नवा नाही.

प्रवासाचा प्रश्न तर मुंबईकरास चटकन उमगणार नाही, कारण आपल्याला लोकल आणि बस गृहीत धरण्याची सवय. टेक्सासमध्ये मोटार नसलेला माणूस जवळजवळ पांगळाच. अर्विंग या बाबतीत तसे सुदैवी. १९९६ मध्ये तेथून डॅलसला रेल्वे सुरू झाली, २०१२ मध्ये विजेवर चालणाऱ्या रेल्वेचा ‘ऑरेंज’ मार्ग लास कोलिनासपर्यंत आला आणि २०१४ मध्ये तो विमानतळाला जाऊन भिडला. शेजारच्या आर्लिंग्टनची स्थिती पाहा. चार लाखांच्या आसपास वस्तीचे हे शहर, पण तेथे नियमित बससेवा नव्हती. २०१३ ते २०१७ या काळात एकच मार्ग चालला, आणि २०१७ च्या डिसेंबरपासून दूरध्वनीवरून बोलावता येणाऱ्या लहान गाड्यांची योजना आली. अशा प्रदेशात नोकरी मिळवून देणे म्हणजे पुष्कळदा त्या नोकरीपर्यंत जाण्याची वाट मिळवून देणे होय.

दुसरा प्रकार निर्वासितांचा. १९८० च्या निर्वासित कायद्याखाली आलेल्या माणसाला अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून काम करण्याचा अधिकार आहे. डॅलस परिसरात ब्रह्मदेश, भूतान, इराक, काँगो, अफगाणिस्तान अशा देशांतून अशी कुटुंबे येऊन राहिली. कायद्याने त्यांना दार उघडे. परंतु भाषा येत नाही, गाडी चालविण्याचा परवाना नाही, मायदेशी शिक्षक किंवा वैद्य असल्याचा दाखला येथे चालत नाही, आणि ओळखीचे कोणी नाही.

या संदर्भात एक योजना आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण तिचा उगम यहुदी समाजाच्या प्रयत्नांत आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत देशातून यहुदी कुटुंबे मोठ्या संख्येने अमेरिकेत येऊ लागली. तेथील यहुदी संस्थांनी सरकारला असे सुचविले की, या लोकांना सरकारी रोख मदतीच्या यादीवर घालण्याऐवजी त्यांचा भार आम्ही उचलू. आम्ही समाजातून जितके जमवू तितके आपण त्यात घालावे. १९७९ मध्ये ही योजना अस्तित्वात आली व पुढे ती सर्व धर्मांच्या निर्वासितांसाठी खुली झाली. तिचा कणा असा की, काही ठरावीक महिन्यांत कुटुंब स्वतःच्या पायांवर उभे राहिले पाहिजे, आणि त्या काळात संस्थेने घर, भाषेचे शिक्षण, नोकरीचा शोध व मुलांची शाळा हे सारे एकत्र पाहिले पाहिजे. समाजाचा वाटा पैशाच्या रूपानेच असावा असेही नव्हते. वापरलेले फर्निचर, स्वयंसेवकाने भाषा शिकविण्यात घालविलेले तास, यांचेही मोल धरले जाई. अर्थात या साऱ्याला राजकारणाची झळ लागतेच. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने निर्वासितांचा प्रवेश जवळजवळ थांबविला, आणि त्याच वर्षी नव्याने आलेल्यांची रोख मदत १२ महिन्यांवरून ४ महिन्यांवर आणली. चार महिन्यांत परकी भाषा शिकून नोकरी धरा, असे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास विहिरीत टाकून काठावरून उपदेश करण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार आपल्याच घरांतील आहे, आणि त्याला ‘उपेक्षित’ म्हटलेले पाहून काहींना आश्चर्य वाटेल. संगणकतज्ज्ञ म्हणून ‘एच-१बी’ परवान्यावर गेलेल्या नवऱ्याबरोबर ‘एच-४’ परवान्यावर जाणारी पत्नी. ती पुण्याची अभियंता असेल, मुंबईची हिशेबतपासनीस असेल, ठाण्याची शाळाशिक्षिका असेल. इंग्रजी उत्तम, पदवी हाताशी, दाराशी मोटार. परंतु तिला काम करण्यास कायद्याने मनाई. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी क्रमांकही नाही, आणि तो नाही म्हणून कित्येक साध्या व्यवहारांतही तिला नवऱ्याचे नाव पुढे करावे लागते. निर्वासिताला परवाना आहे पण साधने नाहीत; हिला साधने आहेत पण परवाना नाही.

कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की प्रश्न मिटतो, असे कोणी म्हणेल. परंतु नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्यास सामान्यतः सात टक्क्यांहून अधिक जागा येत नाहीत, आणि भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. लग्न होऊन पंचविसाव्या वर्षी गेलेली मुलगी चाळिशीला पोहोचते तरी ती रांगेतच. तिच्या घरी भाकरीची वाण नाही हे खरे. पण पंधरा वर्षे हात बांधून बसविलेल्या माणसाच्या मनाचे काय होते, आणि घरात बेबनाव झाला तर स्वतःची मिळकत नसलेल्या स्त्रीने परदेशी कोणाच्या आधाराने उभे राहावयाचे, हे प्रश्न भाकरीपेक्षा लहान नाहीत.

या स्त्रियांनी संघटितपणे अर्ज केले, आपल्या कहाण्या लोकांपुढे मांडल्या, आणि सरकारने २०१५ मध्ये नियम बदलला. २६ मे २०१५ पासून, ज्या एच-१बी धारकाचा कायम वास्तव्यासाठीचा ‘आय-१४०’ अर्ज मंजूर झाला आहे, किंवा ज्याला त्या कारणाने सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली आहे, त्याच्या पत्नीस किंवा पतीस कामाचा परवाना मागता येऊ लागला. २०१७ च्या अखेरपर्यंत अशा ९०,००० हून अधिक लोकांना प्रथमच परवाने मिळाले. त्यांत शेकडा ९३ भारतात जन्मलेले होते, आणि स्त्रियांचे प्रमाणही तितकेच. एक ओळीचा नियम बदलला आणि हजारो घरांतील बंद पडलेली आयुष्ये चालू झाली. त्यासाठी सरकारला नवी शाळा काढावी लागली नाही, की एक डॉलर वाटावा लागला नाही.

ही सवलत निर्वेध मात्र राहिली नाही. ती रद्द करण्याचा प्रस्ताव काही वर्षे टांगता होता. तो २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. न्यायालयात तिला आव्हान दिले गेले; २०२४ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नियम वैध ठरविला. परंतु ३० ऑक्टोबर २०२५ पासून, नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला म्हणून जुना परवाना आपोआप वाढत असे ती सोय बंद झाली. म्हणजे मुदत संपली आणि नवे कार्ड हाती नसेल, तर त्या दिवशी नोकरी थांबवावी लागते. आपल्या ज्या लेकीसुना तेथे आहेत त्यांनी मुदतीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो हे ध्यानात ठेवावे. ज्यांना परवाना मिळालेलाच नाही त्यांनाही शिक्षण घेण्यास मनाई नाही. अर्विंगमध्ये १९७७ पासून नॉर्थ लेक महाविद्यालय आहे. २०२० पासून ते ‘डॅलस कॉलेज’ या एकत्रित संस्थेचा भाग झाले. धर्मादाय संस्थांमध्ये खरीखुरी स्वयंसेवा करण्यासही एच-४ धारकास सामान्यतः हरकत नसते. मात्र ज्या कामासाठी एरवी पगार दिला जातो ते फुकटात करून घेणे कायद्याला मान्य नाही, आणि ते कोणी करवून घेत असेल तर सावध राहावे.

येथवर आलेल्या वाचकाच्या लक्षात आले असेल की, या तिघांना एकच औषध लागू पडणार नाही. गरीब मातेला मुले सांभाळण्याची सोय आणि बस हवी, निर्वासिताला भाषा आणि ओळखीचा माणूस हवा, शिकलेल्या गृहिणीला केवळ एक कागद हवा. मातेला कागद देऊन काही होणार नाही, कारण तो तिच्यापाशी आहेच. गृहिणीला भाषेचे वर्ग काढून उपयोग नाही. शिडी तिघांनाही चढावयाची आहे, पण प्रत्येकाची तुटलेली पायरी निराळी आहे. कल्याणकारी राज्य शिडी उभी करते. कोणाची कोणती पायरी तुटली आहे हे मात्र जवळ जाऊन पाहणाऱ्यालाच दिसते.

हे शहाणपण परदेशातूनच शिकावे असे मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्राने या विषयात जगाला धडा दिला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, मागेल त्याला काम देता येईल काय, याचा प्रयोग करून पाहिला. १९७२ चा भीषण दुष्काळ आला तेव्हा ही कल्पना रोजगार हमी योजनेच्या रूपाने राज्यभर पसरली. ज्या वाचकांनी ती दुष्काळी कामे पाहिली असतील त्यांना खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा आणि मुलांना वाटली जाणारी सुकडी आठवत असेल. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरांतील पगारदारांच्या वेतनातून १९७५ पासून कापला जाऊ लागलेला व्यवसाय कर याच योजनेला पैसा पुरविण्यासाठी होता. म्हणजे मुंबईच्या कारकुनाने बीडच्या मजुराला दिलेला तो हात होता. कामावर पाळणाघर असावे, पिण्याचे पाणी असावे, काम न मिळाल्यास भत्ता द्यावा, हे सारे त्या योजनेत होते. पाळणाघराची अट कोणी घातली असेल त्याने तुटकी पायरी ओळखली होती. या कामांवर स्त्रिया इतक्या मोठ्या संख्येने आल्या त्याचे एक कारण ते, आणि काम गावाजवळ मिळे हे दुसरे. २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. या योजनेत खोटे हजेरीपट झाले, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, हेही खरे; पण काम हे भीक नसून हक्क आहे, ही गोष्ट येथे कायद्याच्या पुस्तकात लिहिली गेली.

दुसरे उदाहरण पुण्याचे, आणि ते अर्विंगच्या तिसऱ्या प्रकाराशी आश्चर्यकारकपणे जुळते. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या हजारो स्त्रिया, बहुतेक दलित समाजातील, शहरात राबत होत्या. पण त्यांच्या राबण्याला काम मानले जात नव्हते. पोलीस हटकत, चोर समजत. १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली. तिने पहिल्या काही वर्षांतच जी गोष्ट मिळविली ती पैसा नव्हती. ती होती महानगरपालिकेने मान्य केलेले ओळखपत्र. पुढे २००८ मध्ये याच स्त्रियांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार केला आणि त्या दारोदार कचरा गोळा करणाऱ्या मान्यताप्राप्त सेविका झाल्या. कचराकुंडीत उतरणारी पुण्याची निरक्षर स्त्री आणि लास कोलिनासमधील सुशिक्षित गृहिणी यांच्यामध्ये साम्य शोधणे कोणाला विचित्र वाटेल. पण दोघींपाशी कष्ट करण्याची शक्ती होती, दोघींपाशी कौशल्य होते, आणि दोघींचे अडले होते ते एका कार्डावाचून.

युरोपातील एक दाखला थोडक्यात देतो. इटलीच्या त्रिएस्ते शहरातील मनोरुग्णालयात रुग्णांकडून झाडलोट, धुणेभांडी करून घेत आणि त्याला ‘उपचार’ म्हणत. डॉ. फ्रांको बझालिया यांनी प्रश्न केला की, हे जर काम आहे तर त्याला मजुरी का नाही? १९७२ मध्ये त्या रुग्णांची सहकारी संस्था निघाली व तीच कामे ते वेतनावर करू लागले. पुढे १९९१ मध्ये इटलीने सामाजिक सहकारी संस्थांचा कायदाच केला. त्यातील एका प्रकारच्या संस्थांत किमान शेकडा ३० कामगार अपंग, मनोरुग्ण, व्यसनमुक्त किंवा कैदी अशा वर्गांतील असावे लागतात. वेड्यांच्या इस्पितळातून निघालेली कल्पना देशाचा कायदा झाली.

येथे एक धोक्याची सूचना केली पाहिजे. ‘दानापेक्षा काम श्रेष्ठ’ हे वचन फार सोयीचे आहे, आणि कृपण माणसाच्या तोंडी ते फार शोभते. काम श्रेष्ठ म्हणून दान बंद करा, असा त्याचा अर्थ काढला की वृद्ध विधवा, अंथरुणाला खिळलेला रोगी आणि त्याची शुश्रूषा करणारी मुलगी यांच्या ताटातील भाकरी प्रथम जाते. टेक्सासच्या कडक मुदतींनी काहींचे असेच झाले. भाकरीला कामाची अट घालणे आणि भाकरी देऊन कामाची वाट दाखविणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. अर्विंगच्या त्या संस्थेने शिधा बंद करून नोकरीचे टेबल मांडले नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

आता आपल्याविषयी. रब्बी मोशे बेन मैमोन यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतील सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजवंताला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन त्याला पुन्हा हात पसरण्याची वेळ येणार नाही असे करणे, हे आपण जाणतोच. आपल्या समाजाचा इतिहासही याच पायरीवरून चढत आलेला आहे. कुलाब्याच्या खेड्यांतून तेलघाणी चालविणारे आपले पूर्वज सैन्यात, रेल्वेत, कचेऱ्यांत व इस्पितळांत पोहोचले ते कोणी त्यांना धान्य वाटले म्हणून नव्हे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इझ्रायली शाळा काढली, कारण त्या काळी तुटलेली पायरी इंग्रजी शिक्षणाची होती. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘ओर्ट’ या संस्थेने मुंबईत तांत्रिक शिक्षण सुरू केले, कारण त्या काळी तुटलेली पायरी हातातील कसबाची होती. प्रत्येक पिढीला आपली पायरी पाहावी लागते.

आजची कोणती? ते सभागृहात बसून ठरविता येणार नाही. परंतु काही साध्या गोष्टी खर्चावाचून करता येतील. साहाय्यासाठी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबास काय हवे हे विचारताना, घरात काम करू शकेल असे कोण आहे आणि त्याचे नेमके कशामुळे अडले आहे, हेही विचारून टिपून ठेवावे. कोणाचे जातीच्या किंवा शाळेच्या दाखल्यावाचून अडलेले असते, कोणाचे शिवणयंत्रावाचून, कोणाचे आजारी सासूपाशी चार तास बसणाऱ्या माणसावाचून. हा शेवटचा अडसर काढावयास एक पैसाही लागत नाही, शेजारीण लागते. निवृत्त झालेले आपले अनेक बंधू बँकांत, रेल्वेत व सरकारी खात्यांत तीस-तीस वर्षे काढून आले आहेत. अर्ज लिहून देणे, मुलाखतीची तयारी करून घेणे, पहिल्या दिवशी बरोबर जाणे, याइतके त्यांच्या हातून सहज होण्यासारखे आहे. आणि परदेशी असलेल्या भगिनींनी, जेथे कायदा त्यांना पगार घेऊ देत नाही तेथे, निदान नव्याने आलेल्या दुसऱ्या भगिनीला कोणता कागद केव्हा भरावा एवढे सांगावे.

मदत मागावयास आलेल्या माणसाला आपण ‘काय हवे?’ असे विचारतो आणि तो लाजत धान्य म्हणतो. धान्य द्यावेच. मग त्याला बसवून घ्यावे आणि दुसरा प्रश्न विचारावा. त्या दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो, उत्तर लगेच येत नाही, आणि कधी कधी ते ऐकून आपल्यालाच उठून चार ठिकाणी जावे लागते. पण पुढील वर्षीच्या यादीत एक नाव कमी व्हावयाचे असेल, तर त्याचा आरंभ त्या प्रश्नापासूनच होईल.